सोळा घरांची पट्टी

भानुदास,

परवा दवाखान्यात गेलो होतो. तुझ्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत एक नवा माणूस मशीनवरची धूळ पुसत होता. हृदयाचा आलेख काढणं त्याला अजून नीट जमत नाही, उजव्या हाताचा पट्टा डाव्याला बांधतो, असं डॉक्टर म्हणाले. त्याला दाखवून देण्याइतपत मला येतं, तूच शिकवलंस. पण तुझ्या स्टुलावर बसायची हिंमत झाली नाही. मी दारातूनच परत फिरलो.

तुझ्याविषयी चार ओळी लिहून द्या, असं दवाखान्यातल्या मंडळींनी मला सांगितलं होतं. फलकावर लावायला. मी बालमित्र, त्यातून कॉलेजात शिकवणारा. लिहून दिल्या. मनमिळाऊ, कामसू, रुग्णांशी गोड बोलणारा. त्यातलं काही खोटं नाही, आणि तरी घरी येऊन मला जेवण गेलं नाही. हे लिहितोय ते फलकासाठी नव्हे.

खर्ड्याच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो. तोंडी हिशेबात तू माझ्या पुढे होतास, ही गोष्ट मी कॉलेजातल्या कुणाला कधी सांगितली नाही. सातवीनंतर मला मामांनी नगरला नेलं आणि तुला वडिलांनी औतामागे उभं केलं. पुढे कितीतरी वर्षांनी आईला दाखवायला नगरच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा तिच्या मनगटाला पट्टा बांधणारा माणूस मान वर करून म्हणाला, "मधू, वळखलं न्हाई व्हय?" मी ओळखलं होतं. तुझ्या खाकी कपड्यांकडे पाहून क्षणभर गप्प राहिलो होतो, एवढंच. तो क्षण तुझ्या लक्षात आला होता का, हे विचारायचं राहून गेलं.

तू वॉर्डात कामाला लागला होतास. मशीन आलं तेव्हा बिघडलं तर काय, म्हणून कुणी हात लावेना, आणि तू त्याच्यासोबतच्या इंग्रजी पुस्तिकेतलं एकेक अक्षर लावत, डॉक्टरांना विचारत ते शिकलास. शिकलास तेही आजारी शरीरानं. ऐन पंचविशीत तुला साखरेचा आजार जडला होता. रोज सकाळी आपली सुई आपणच टोचून घ्यायचास आणि मग दिवसभर दुसऱ्यांच्या छातीला जेली लावत बसायचास.

दोन वर्षांपूर्वी मी पुण्याच्या ग्रंथालयातून एक कल्पना डोक्यात घेऊन आलो. डॉक्टर आलेखाचा आकार बघतात. आपण आकार सोडून द्यायचा आणि एका ठोक्याच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंतचं अंतर तेवढं मोजायचं. शेकडो अंतरं ओळीनं मांडायची आणि आवाजाच्या किंवा विजेच्या लाटा जशा तपासतात, तशी ती आकड्यांची माळ तपासायची. तिच्यात कुठली लाट लपलीय, किती वेळानं परत येते, ते गणितानं शोधायचं. परदेशात हे काम संगणक करतात. माझ्याकडे लॉगची पुस्तिका होती आणि संख्याशास्त्र विभागातलं हातानं फिरवायचं गणनयंत्र. आलेख मात्र नव्हते. ते तुझ्याकडे होते.

रुग्णाची पट्टी एरवी हातभर असते. मला पाच मिनिटांची हवी होती, म्हणजे साडेसात मीटर. तू डॉक्टरांना गाठलंस. ओल लागून कडेनं डागाळलेली कागदाची गुंडाळी टाकून द्यायची होती, ती मागून घेतलीस. मग नर्सबाई, माझे विद्यार्थी, दुष्काळी कामावर खडी फोडून हात सुजलेली माणसं, जो तयार होईल त्याला तू पाच मिनिटं निजवायचास. संध्याकाळी माझ्या खोलीत पट्टी जमिनीवर पसरायची. तू भिंग आणि कर्कटक घेऊन पालथा पडायचास आणि मोजून सांगायचास, मी लिहून घ्यायचो. कागदावरचं एक बारीक घर म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. एकवीस, बावीस, साडेतेवीस, चोवीस, बावीस. तुझा तो एकसुरी आवाज मला अजून ऐकू येतो. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी त्याच होत्या. हे तुला सांगायला हवं होतं.

आपला वाद पहिल्याच महिन्यात सुरू झाला. माझं ठाम मत होतं की निरोगी हृदय घड्याळासारखं चालत असणार, आणि हे जे कमीजास्त आकडे येतात ते मशीनचं पाप. मोटर कागद नीट ओढत नसेल. तू म्हणालास, माणूस श्वास घेतो तेव्हा ठोके जवळ येतात आणि सोडतो तेव्हा लांब जातात, हे तू रोज बघतोस. मी हसलो. बघणं आणि मोजणं यांत फरक असतो, असं काहीतरी मास्तरी बोललो. तू जरा वेळानं म्हणालास, "मशीन खोटं असंल तर समद्यांलाच खोटं बोलंल. त्या कालिजातल्या पोरीला खोटं आन् साखरवाल्या म्हाताऱ्याला खरं, आसं कसं?"

कारण तुला तेव्हाच दिसलं होतं. बरीच वर्षं साखर असलेल्या काही माणसांचे ठोके अगदी सारखे पडत होते. मी त्या पट्ट्यांना चांगल्या म्हणत होतो. तुला त्यांची भीती वाटत होती.

मी पुरावा मागितला, आणि तू आठ दिवसांनी तो आणलास. हातापायाचा पट्टा सैल राहिला की घरातल्या विजेची थरथर कागदावर उमटते, बारीक दातांची करवत काढल्यासारखी. सगळे तिला कंटाळतात. तू मुद्दाम एक तार मोकळी सोडून पाच मिनिटं नुसती ती करवतच काढलीस. वीज सेकंदाला पन्नास वेळा थरथरते हे मीच तुला कधीतरी सांगितलं होतं. तू भिंग लावून दात मोजलेस. पंचवीस घरांत पन्नास दात, पट्टीच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटीही. कागद एका चालीनं सरकत होता. मशीन खरं होतं.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. हे मला सुचायला हवं होतं. पुढल्याच आठवड्यात आमचे विभागप्रमुख काम बघायला आले, आणि कागदाच्या चालीची खात्री कशी केली हे मी त्यांना रंगवून सांगितलं. मी असं केलं, मग मी असं मोजलं. तू कोपऱ्यात पट्टी गुंडाळत होतास. जाताना त्यांनी तुझ्याकडे बोट करून विचारलं, हे कोण? मी म्हणालो, मशीन चालवायला असतात. ते गेल्यावर तू चहा केलास आणि म्हणालास की तुला मात्र इतकं चांगलं सांगता आलं नसतं. टोमणा असता तर मी भांडून मोकळा झालो असतो. तू मनापासून बोलला होतास.

तरी मी पूर्ण हार मानली नाही. मशीनचं तू सिद्ध केलंस, श्वासाचं अजून नाही, असं म्हणत राहिलो. मग एका रविवारी डॉक्टरांची परवानगी काढून मशीन घोंगडीत गुंडाळलं आणि एसटीनं आपण देवळाली प्रवराला तुझ्या सासुरवाडीला गेलो. तुझे सासरे ऊस लावणारे आणि भजनात मुख्य गाणारे. छाती भात्यासारखी. त्यांना ओसरीवर निजवलं, तर म्हणाले, नुसतं काय पडायचं, गाऊ का? मी नको म्हटलं. गाताना अंग हललं की आलेख खराब होतो. तू म्हणालास, गाऊ दे. ते डोळे मिटून निजल्या निजल्या गायले आणि शेजारपाजारच्या बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. तू एका हातानं मशीन सांभाळत दुसऱ्या हातातल्या घड्याळावर त्यांचे श्वास मोजत होतास.

त्या पट्टीवर लाट होती, भानुदास. एकोणीस घरांपासून सव्वीसपर्यंत वर जायची आणि परत खाली यायची. मी आकड्यांचा आलेख काढला, तोच पातळ कागदावर गिरवला आणि एकावर एक ठेवून सरकवत नेला. पहिल्या वेळी लाटा जिथं पुन्हा एकमेकींवर तंतोतंत बसल्या, ते अंतर निघालं दहा सेकंद. मग खात्रीसाठी यंत्राची मूठ फिरवून फिरवून सगळे गुणाकार केले. दहा सेकंदच. म्हणजे मिनिटाला सहा लाटा. माझं उत्तर यायला चार दिवस लागले. तू तेच, सहा श्वास, परतीच्या एसटीतच मला सांगितलं होतंस.

त्या दिवशी मला खूप आनंद झाला होता आणि थोडा रागही आला होता. तू बरोबर होतास असं मी म्हणालो नाही. निष्कर्ष जुळतायत, असं म्हणालो.

मागच्या दिवाळीत तू एकतिसावी पट्टी आणलीस. पसरलीस, भिंग माझ्या हातात दिलंस आणि आज तू मोज म्हणालास. मी मोजायला लागलो. सोळा, सोळा, सोळा. पुढे सरकलो. सोळा. मधे पट्टीवर तुझ्या पेन्सिलीची खूण होती, तिथून पुढे माणसाला खोल श्वास घ्यायला लावला होता. तिथंही सोळा. हात दुखेपर्यंत मोजलं, सोळाच. तू म्हणालास, "माजी हाय ती." आणि विचारलंस की ह्याचा अर्थ काय.

मला अर्थ माहीत होता. त्याच महिन्यात मी पुण्याला जाऊन वाचून आलो होतो. साखर पुष्कळ वर्षं मुरली की हृदयाला वेग सांगणाऱ्या नसा मरत जातात. मग श्वास कसाही घ्या, ठोके सारखेच पडतात. त्या लेखात शेवटी आणखी एक गोष्ट होती. अशा माणसाला हृदयाचा झटका आला तर छातीत दुखतच नाही पुष्कळदा, कारण दुखणं पोचवणाऱ्या नसाही गेलेल्या असतात.

मी म्हणालो, "काही नाही रे. तुझं काळीज शिस्तीचं आहे."

तू एकदा माझ्याकडे बघितलंस, पट्टी गुंडाळलीस आणि खिशात न ठेवता बाकीच्या पट्ट्यांत ठेवून दिलीस.

मी तसं का बोललो, ते गेले अठरा दिवस स्वतःला विचारतोय. तुला घाबरवायचं नव्हतं, असं पहिल्यांदा वाटलं. ते खरं असतं तर किती बरं झालं असतं. खरं कारण फार लहान आहे. ती पट्टी समजावून सांगायची म्हणजे आधी कबूल करायला हवं होतं की दीड वर्ष मी ज्यांना चांगल्या म्हणत होतो त्या पट्ट्या आजारी होत्या, आणि हे तू मला पहिल्या महिन्यात सांगितलं होतंस. पुण्याच्या परिषदेत मला निबंध वाचायचा होता. तो झाला की सांगू, असं मी ठरवलं.

संक्रांतीनंतर मी पुण्याला गेलो. तुला ये म्हणालो नाही. निबंधावर एकट्याचं नाव. कागदाच्या चालीबद्दल कुणीतरी विचारलं आणि विजेच्या दातांची गोष्ट मी पुन्हा सांगितली. लोकांना फार आवडली. मग एका मोठ्या तक्त्यावर तुझी पट्टी लावली आणि समजावून सांगितलं की हा पुरुष चाळिशीतला, बरीच वर्षं मधुमेह, ह्याच्या हृदयाच्या नसा बहुधा निकामी झाल्यात. सभागृहात पन्नासेक माणसं असतील. तुझ्याविषयी जे तुला सांगितलं नाही, ते त्या पन्नास अनोळखी माणसांना मी सांगितलं.

परत आलो तर तू स्टँडवर हजर. माझी वळकटी घेतलीस. चालता चालता विचारलंस, माझी पट्टी दाखवली का? दाखवली म्हणालो. काय म्हणाले लोक? मी म्हणालो, छान आहे म्हणाले. तू खूश झालास. निदान मला तसं वाटलं. तेव्हा रस्त्यात कुणी नव्हतं, घाई नव्हती, निबंधही होऊन गेला होता. सांगायला काहीच आड येत नव्हतं. मी तुला कोपऱ्यावर सोडून घरी गेलो.

मग त्या शेवटच्या रविवारी तू दुपारी माझ्याकडे आलास. जिना चढून येताना तुला दम लागला होता, कपाळावर घाम, तोंड राखेसारखं. तू पायरीवरच बसलास. मी पाणी दिलं. कुठं दुखतंय का विचारलं, तर तू छातीवर हात फिरवून म्हणालास, "दुखत काय न्हाई. उगंच गळाल्यावानी झालंय." त्या लेखाच्या शेवटच्या ओळी मला आठवल्या. आठवल्या नाहीत असं म्हणता येत नाही मला. मी म्हणालो, डॉक्टरांना दाखवून घे. तू म्हणालास की दुखत नाही तर दाखवू काय. मी तेव्हा बोललो असतो तर तुला हाताला धरून न्यावं लागलं असतं, आणि वाटेत सगळं सांगावं लागलं असतं. दिवाळीपासूनचं. मी पंखा घेऊन तुला वारा घालत बसलो. अर्ध्या तासानं बरं वाटतंय म्हणून तू उठलास.

मंगळवारी दुपारी दवाखान्यातून निरोप आला. एका बाईचा आलेख काढून झाला, तू तिचे पट्टे सोडलेस, कागद फाडून तिच्या हातात दिलास आणि स्टुलावरून कलंडलास. डॉक्टर पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते. छातीत दुखतंय असं एकदा जरी बोलला असता तर मी इथल्या इथं कॉटवर घेतला असता त्याला. मी शेजारी उभा होतो. ऐकत होतो. डॉक्टरांनाही मी सांगितलं नाही त्या दिवशी.

दोन दिवसांनी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की ही पट्टी मला का दाखवली नाहीत? खोली त्यांचीच, मशीन त्यांचंच, मी रोज त्यांच्या दारावरून जायचो. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. पुण्याच्या परिषदेलाही पत्र घातलंय की निबंधावर तुझं नाव आधी हवं, आणि चालीची तपासणी तुझी, श्वासाचं निरीक्षणही तुझं. मेलेल्या माणसाचं नाव घालायला कुणाची हरकत नसते. तू असताना ते एका ओळीचं काम होतं.

तेराव्याला खर्ड्याला आलो. तुझ्या घरासमोर मांडव होता. वहिनी आतल्या दाराशी बसल्या होत्या, भोवतीच्या बायका जरा बाजूला झाल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. पट्टीचं, पुण्याचं, रविवारचं. त्यांना नसा आणि ठोके किती कळले माहीत नाही. मी मात्र सोपं करून सांगितलं, तुला सांगताना कधी केलं नाही इतकं सोपं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं की आधी कळलं असतं तर वाचले असते का?

मी म्हणालो, खात्रीनं नाही सांगता येत. कदाचित. त्या रविवारी डॉक्टरांनी ठेवून घेतलं असतं, मग कदाचित.

 त्या रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. खरोखरच कळून घ्यायचं असल्यासारखं म्हणाल्या, "मंग सांगायला तुमाला काय जड हुतं?"

 लहान कारण होतं ना. त्या घरात, त्या बाईसमोर, ते तोंडातून काढण्याइतकंही मोठं नव्हतं. मी हात जोडले. त्यांनी ते बघितले की नाही कोण जाणे. बाहेरून कुणीतरी पंगत बसतेय म्हणून हाक मारली, आणि त्या उठता उठता म्हणाल्या की जेवून जावा, लांबनं आलाय.

मला निघून जायचं होतं. पण तुझे थोरले भाऊ आले आणि हाताला धरून मला शेजारी बसवलं. भानाचा मास्तर, असं त्यांनी पंगतीला सांगितलं. भाना तुमच्याबद्दल लई बोलायचा, म्हणाले. पत्रावळीवर लापशी पडली. वहिनी स्वतः वाढायला आल्या. मी मान वर केली नाही. पत्रावळीवरून हात आडवा धरायला हवा होता, तो उचलला नाही. त्यांनी आणखी वाढलं. आणि मी खाल्लं, भानुदास. सगळं खाल्लं.